नाउवेनचं 'आपण'

हेन्री नाउवेनचं पुस्तक सहसा कुणी दुकानात जाऊन शोधून आणत नाही. ते हातात दिलं जातं. निदान उत्तर अमेरिकेत तरी असंच दिसतं: कुणाची आई गेली, कुणाचं लग्न मोडलं, कुणी महिनोन्महिने घराबाहेर पडेना, की एखादी शेजारीण किंवा हॉस्पिटलातला धर्मसेवक एक पातळसं पुस्तक पुढे करतो आणि म्हणतो, वाचा, बरं वाटेल. तुमच्यापैकी जे या देशांत पंधरा-वीस वर्षं आहेत त्यांच्या कपाटात असं एखादं पुस्तक न वाचता पडलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. कॅथलिक धर्मगुरूचं पुस्तक, त्यात येशू आणि प्रार्थना, म्हणून आपण ते बाजूला ठेवलेलं असतं. ते बाहेर काढावं की नाही, आणि काढलं तर त्याच्या 39 पुस्तकांपैकी कोणतं, याबद्दल मला काही सांगायचं आहे.

मराठी माणसाला नाउवेन वाचताना एक अडचण येते. इंग्रजीत 'वी' एकच आहे. आपल्याकडे दोन आहेत. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटलं की तो आत येतो. मनातल्या मनात मराठी करत वाचायची खोड असली की प्रत्येक 'वी'शी थांबून ठरवावं लागतं. नाउवेनच्या पानापानांवर हा शब्द आहे आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याचं 'आपण'च करावं लागतं. आपण सगळे एकटे आहोत, आपण सगळे कुणीतरी आपल्याला पसंत करावं म्हणून धावतो, अशी त्याची वाक्यांची तऱ्हा. त्याच्या लोकप्रियतेचं मूळ या आमंत्रणात आहे. पण मधूनच एखादं वाक्य असं येतं की 'आपण' लिहवत नाही, 'आम्ही'ही बसत नाही. तिथे खरा शब्द 'मी' असतो, आणि तो लेखकाने टाळलेला असतो. माझ्या मते नाउवेनचं चांगलं लेखन आणि पातळ लेखन यांतली सीमा इथेच आहे. समोर एक ठरावीक माणूस असला की तो फार चांगलं लिहितो. समोर 'सगळे' असले की त्याची वाक्यं गुळगुळीत होतात.

आयुष्य थोडक्यात सांगते. जन्म 1932, नेदरलंड्समधलं नायकेर्क गाव, चार भावंडांत थोरला, वडील करविषयक कायद्याचे प्राध्यापक. 1957 मध्ये उट्रेक्टच्या धर्मप्रांतात त्याला गुरुदीक्षा मिळाली. मग सात वर्षं नायमेखनला मानसशास्त्र. 1964 मध्ये तो अमेरिकेत कॅन्ससमधल्या मेनिंजर संस्थेत आला, कारण धर्म आणि मनोविकारशास्त्र यांचा एकत्र विचार तिथे चालू होता. नंतर नोटर डेम, 1971 पासून दहा वर्षं येल, काही महिने बोलिव्हिया आणि पेरू, 1983 ते 85 हार्वर्ड, एक वर्ष फ्रान्स, आणि 1986 पासून मरेपर्यंत टोरोंटोच्या उत्तरेला रिचमंड हिल इथल्या 'डेब्रेक' या वसतीत, बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांबरोबर. 21 सप्टेंबर 1996 रोजी नेदरलंड्समध्येच, हिल्व्हरसमला, हृदयविकाराने मृत्यू. आमच्यासारख्या, एका करारावरून दुसऱ्या करारावर उड्या मारणाऱ्या पोस्टडॉक मंडळींना एक गोष्ट गंमतीची वाटेल. येलमध्ये कायमची जागा मिळालेल्या या माणसाकडे डॉक्टरेट नव्हती. नायमेखनला तो प्रबंधाचं काम पुरं करायला परत गेला होता, पण पदवी न घेताच आला. त्यानंतर त्याने ज्या वेगाने पुस्तकं लिहिली, त्यात या अपुऱ्या हिशेबाचा काही वाटा असावा असं मला वाटतं, पण हा माझा कयास.

त्याचं नाव झालं ते 1972 च्या 'द वूंडेड हीलर'मुळे, म्हणजे 'जखमी वैद्य'. शेवटच्या प्रकरणात त्याने तालमूदमधली एक कथा घेतली आहे. मसीहा कुठे सापडेल, तर शहराच्या वेशीवर, गोरगरीब रोग्यांमध्ये बसलेला. बाकीचे रोगी सगळ्या जखमा एकदम सोडतात आणि मग बांधतात. तो मात्र एका वेळी एकच जखम सोडतो आणि बांधतो, कारण कधीही बोलावणं येईल, आणि तेव्हा उशीर व्हायला नको. नाउवेन म्हणतो की दुसऱ्याची सेवा करणाऱ्याची अवस्था हीच. त्याची जखम बरी झालेली नसते, पण ती बांधत बांधतच त्याने तयार राहायचं असतं. कल्पना सुंदर आहे आणि पुढे समुपदेशनाच्या क्षेत्रात ती इतकी पसरली की आता मूळ लेखकाचं नावही कुणाला आठवत नाही. पण पुस्तकाचा पहिला भाग आज वाचवत नाही. त्यात 'आधुनिक माणूस' नावाचं एक पात्र आहे, ते मुळांपासून तुटलेलं आहे, त्याला भविष्य दिसत नाही वगैरे. ते पात्र म्हणजे साठच्या दशकातला अमेरिकन विद्यार्थी, आणि नाउवेन त्याला अख्खी मानवजात समजतो. तरी श्रेय द्यायला हवं: स्वतःच्या जखमा उघड्या करून दाखवणं म्हणजे सेवा नव्हे, हा इशारा त्याच पुस्तकात त्याने देऊन ठेवला आहे. पुढची चोवीस वर्षं तो या इशाऱ्याच्या काठाकाठाने चालला.

खरी गोडी लागते ती 'द जेनेसी डायरी'पासून. 1974 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका ट्रॅपिस्ट मठात तो सात महिने राहिला, संन्यासी म्हणून नव्हे, तात्पुरता पाहुणा म्हणून. मठाची बेकरी होती. तिथे हा येलचा प्राध्यापक पावाच्या पट्ट्यावर उभा राहिला, ओढ्यातून दगड गोळा केले, आणि रोज रात्री स्वतःबद्दल चिडून लिहिलं. एकांत हवा म्हणून आलो आणि पत्रं आली नाहीत की कासावीस होतो. लोकांनी मला विसरू नये म्हणून इथे आलोय की काय? मठाधिपती जॉन यूड्स बँबर्गर हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ होते, त्यामुळे त्याची सहज सुटका होत नाही. इथे 'आपण' फार कमी आहे. समोर ठरावीक माणसं आहेत, हातात ठरावीक काम आहे, आणि अहंकाराची तपासणी चाललेली आहे. आपल्या संतांनी स्वतःला दिलेल्या शिव्या वाचून वाढलेल्या वाचकाला हा सूर परका वाटणार नाही. फरक एवढाच की हा माणूस त्या तपासणीचंही पुस्तक होईल हे जाणून आहे, आणि तेही तो लिहून टाकतो.

1978 मध्ये त्याची आई गेली. त्यावर त्याने दोन छोटी पुस्तकं लिहिली, त्यातलं 'अ लेटर ऑफ कन्सोलेशन' हे वडिलांना लिहिलेलं लांब पत्र आहे. आई गेल्यावर वडील आणि थोरला मुलगा, दोघंही हिशेबी, मोजकं बोलणारे, समुद्राच्या दोन काठांवर. परदेशात असताना ज्यांनी आईवडिलांपैकी एकाला गमावलं आणि मग फोनवर दुसऱ्याशी काय बोलावं हे ज्यांना सुचलेलं नाही, त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. धर्माचा भाग तुम्हाला पटो न पटो. वडिलांना तो उपदेश करत नाही, त्याला तेवढी हिंमतच होत नाही, आणि पुस्तक त्यामुळे वाचतं.

याच्या उलट उदाहरण 'लाइफ ऑफ द बिलव्हेड', 1992. त्याचा एक ज्यू पत्रकार मित्र होता, धर्म न पाळणारा. तो म्हणाला, आमच्यासारख्या धर्माबाहेरच्या माणसांसाठी लिही ना काहीतरी. नाउवेनने लिहिलं: तू देवाचा लाडका आहेस, ही एकच गोष्ट, आणि तिचे चार टप्पे. निवडला जाणं, आशीर्वाद मिळणं, मोडलं जाणं, वाटलं जाणं. मिस्सेत भाकरीचं जे होतं तेच माणसाच्या आयुष्याचं. लेखन साफ आहे, उत्कट आहे. मित्राने वाचलं आणि सांगितलं की हे आमच्यापर्यंत पोचलेलं नाही. जिथून सुरुवात करायला हवी, तो देवावरचा विश्वास तू धरूनच चालला आहेस. नाउवेनने हा प्रतिसाद पुस्तकाच्या शेवटी जसाच्या तसा मांडला आणि पुस्तक छापलं. ते श्रद्धाळू वाचकांत तुफान चाललं. नास्तिक असाल तर मी तुम्हाला पुस्तकाचा शेवटच आधी वाचायला सांगेन. इतक्या प्रामाणिकपणे आपलं अपयश पुस्तकातच बांधून ठेवणारे आध्यात्मिक लेखक फार नाहीत. तरी प्रश्न राहतो: एवढा जवळचा मित्र समोर असूनही पुस्तक का फसलं? मला वाटतं, दोन-चार पानांनंतर त्याची नजर मित्रावरून हटली. 'तू'च्या जागी हळूहळू पुन्हा 'आपण' आलं.

आता त्या टाळलेल्या 'मी'कडे येऊ. नाउवेन समलिंगी होता आणि ब्रह्मचर्याचं व्रत त्याने पाळलं. हे त्याच्या जवळच्यांना माहीत होतं. बाहेर ते आलं त्याच्या मृत्यूनंतर, 1999 मध्ये मायकेल फोर्डने लिहिलेल्या चरित्रात. स्वतः त्याने छापील एका ओळीतही ते लिहिलं नाही. 1986 मध्ये, म्हणजे तो डेब्रेकला आला त्याच वर्षी, व्हॅटिकनने जाहीर पत्र काढून समलिंगी कलाला 'वस्तुनिष्ठ विकृती' ठरवलं होतं. तेव्हा त्याने का सांगितलं नाही, असा जाब आज आपण आरामखुर्चीत बसून विचारू नये. पण पुस्तकांवर त्याचा परिणाम काय झाला, हे वाचकाने विचारायला हरकत नाही. एका विशिष्ट, नाव असलेल्या एकटेपणाला त्याने सगळ्यांचं एकटेपण करून टाकलं. सर्वनाम बदललं की कबुलीही होते आणि लपणंही होतं. त्यामुळेच त्याची पुस्तकं इतकी कबुलीजबाबाची असूनही कधीकधी विचित्र पोकळ वाजतात. आपल्याला सगळं सांगितलं जातंय असं वाटतं, आणि नेमकं काय झालं ते मात्र कळत नाही.

'द इनर व्हॉइस ऑफ लव्ह' मध्ये ही गोष्ट टोकाला जाते आणि तिथे ती उलट फायद्याची ठरते. 1987 च्या अखेरीस डेब्रेकमधल्याच एका जिवलग मैत्रीत दुरावा आला आणि तो कोसळला. विनिपेगमध्ये सहा महिने उपचार घेत राहिला. तेव्हाची खाजगी वही आठ वर्षांनी, मित्रांच्या आग्रहामुळे, 1996 मध्ये छापली. तिच्यात 'आपण' जवळजवळ नाही. सगळी वाक्यं आज्ञार्थी आहेत आणि 'तू'ला उद्देशून आहेत. हे कर, ते करू नकोस, इथे थांब. तो 'तू' म्हणजे तो स्वतः. तपशील इथेही नाहीत, पण बुडणारा माणूस स्वतःच्याच केसांना धरून स्वतःला वर ओढतो आहे हे दिसतं. एका बैठकीत वाचू नका. त्यानेही प्रस्तावनेत तसंच सुचवलं आहे.

बहुतेकांना नाउवेन माहीत असतो तो 'द रिटर्न ऑफ द प्रॉडिगल सन'मुळे. बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला, त्यावरचं रेम्ब्रांटचं शेवटच्या वर्षांतलं प्रचंड चित्र, आणि सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात त्या चित्रासमोर तासन्‌तास बसलेला नाउवेन. पुस्तकाचे तीन भाग: धाकटा मुलगा, थोरला मुलगा, बाप. आधी त्याला वाटतं मी धाकटा, घर सोडून गेलेला. मग एक मित्र सुचवतो, तू थोरला तर नाहीस? त्या मधल्या भागात पुस्तक पेटतं. घरी राहून, सगळं नीट करून, मनात कुढत बसलेला शहाणा मुलगा. आपल्याकडे भारतात राहिलेली भावंडं आणि इकडे आलेली भावंडं यांच्यात जे न बोललेलं असतं, ते या भागात वाचताना अंगावर येतं. धाकट्यासाठी जेवणावळ का, हा थोरल्याचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि नाउवेन तो लगेच मोडीत काढत नाही.

मात्र याच पुस्तकातला 'घर' हा शब्द मला जपून वाचावासा वाटतो. नाउवेन तीस वर्षं परदेशात राहिला, दुसऱ्या भाषेत लिहिलं, मायदेशी त्याची प्रसिद्धी इकडच्या मानाने कमीच होती. त्यामुळे स्थलांतरिताला तो आपला वाटतो. पण त्याचं घर शेवटी देवाचं घर आहे. तिथे परत जायला व्हिसा लागत नाही, आणि तुम्ही गेलात तेव्हा बाप जिवंत असतोच. आपल्या घरांचं तसं नाही.

आता 'अ‍ॅडम'. एकच पुस्तक वाचणार असाल तर हे. डेब्रेक ही 'लार्श' या संस्थेची वसती. अशा जागा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवेल, पण हे लहान प्रमाणावरचं आहे. साध्या मोहल्ल्यातली घरं, एका घरात मोजकी माणसं, काहींना अपंगत्व आहे आणि काही मदतनीस, सगळे एकत्र राहतात आणि जेवतात. नाउवेन तिथे आला तेव्हा त्याला साधा स्वयंपाकही येत नव्हता. त्याला सांगितलं गेलं की सकाळी अ‍ॅडमची तयारी तू कर. अ‍ॅडम विशीतला तरुण. बोलू शकत नव्हता, आधाराशिवाय नीट चालू शकत नव्हता, वारंवार फिट्स येत. सातला उठवायचं, न्हाणीघरात न्यायचं, अंघोळ घालायची, दाढी करायची, दात घासायचे, कपडे चढवायचे, नाश्त्याला बसवायचं. चमचा तो स्वतः धरायचा, पेल्याला हात लावावा लागे. यात सकाळ जायची. सुरुवातीला नाउवेनला भीती वाटे की हा माझ्या हातून पडेल. मग हळूहळू ती वेळ त्याच्या दिवसातली सर्वांत शांत वेळ झाली. जुना एक परिचित भेटायला आला आणि वैतागून म्हणाला, यासाठी तू विद्यापीठ सोडलंस? हे काम करायला दुसरे लोक आहेत ना? या प्रश्नाला नाउवेन जे उत्तर देतो त्यात मोठं तत्त्व नाही, न्हाणीघर आणि नाश्ता आहे, आणि म्हणून ते पटतं. 'हार्वर्ड सोडून सेवेला गेलेला संत' ही जी कथा त्याच्या चाहत्यांनी रंगवली, तीही इथे आपोआप उतरते. हार्वर्डमध्ये तो रमला नव्हता. डेब्रेकने त्याला बोलावलं, आणि तिथे येऊनही त्याचं लिहिणं, प्रवास, व्याख्यानं चालूच राहिली.

पण याच पुस्तकाशी माझं भांडणही सर्वांत मोठं आहे. एकदा त्याने घाई केली, अ‍ॅडमला जरा रेटलं, आणि अ‍ॅडमला जोराची फिट आली. नाउवेन लिहितो की हळू चल, असं जणू त्याने मला सांगितलं. फिट हा निरोप नसतो. तो मेंदूतला विजेचा गोंधळ असतो. जो बोलू शकत नाही त्याच्या आजाराला आपण आपल्या शिकवणीचं वाक्य बनवायचं का? पुढे पुस्तकाची सगळी रचनाच येशूच्या आयुष्यावर बेतली आहे: अ‍ॅडमचं गुप्त जीवन, त्याचं वाळवंट, त्याचं दुःखसहन, त्याचं पुनरुत्थान. अ‍ॅडमला यातलं काय मान्य झालं असतं, हे विचारायला जागाच नाही. म्हणून मी हे पुस्तक असं वाचते: जिथे हातांचं काम आहे तिथे सावकाश, जिथे उपमा आहे तिथे भरभर. अ‍ॅडमच्या आईवडिलांबद्दलची पानं सोडू नका. त्या दोघांना आपला मुलगा संत आहे असं म्हणायची गरज वाटलेली नाही, त्यांना त्याची रात्रीची झोप आणि औषधं माहीत आहेत.

यात आणखी एक गाठ आहे आणि ती सोडून पुढे जाता येत नाही. लार्शची सुरुवात 1964 मध्ये फ्रान्समधल्या त्रॉस्ली-ब्रॉय गावात ज्याँ व्हानिए याने केली. त्यानेच नाउवेनला या जगात आणलं, आणि नाउवेनच्या शेवटच्या दहा वर्षांच्या पुस्तकांत त्याची छाया आहे. व्हानिए 2019 मध्ये वारला. फेब्रुवारी 2020 मध्ये लार्शने स्वतःच नेमलेल्या चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला: 1970 ते 2005 या काळात आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्याने सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं. या स्त्रिया अपंगत्व असलेल्या नव्हत्या. 2023 च्या सविस्तर अहवालात हा आकडा किमान 25 वर गेला. शोषणाची भाषा ही प्रेमाची, निवडलं जाण्याची, देवाच्या जवळिकीची होती. नाउवेनला जाऊन तेव्हा चोवीस वर्षं होत आली होती. त्याच्यावर कोणताही आरोप नाही. पण 'तू लाडका आहेस, तू निवडलेला आहेस' हे शब्द आता मला पहिल्यासारखे सरळ वाचता येत नाहीत. त्या शब्दांचा असाही वापर झाला हे माहीत झाल्यावर, बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि ऐकणाऱ्याला नाही म्हणता येतं का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'लाइफ ऑफ द बिलव्हेड'मधला पत्रकार मित्र नाही म्हणू शकला. अ‍ॅडम म्हणू शकत नव्हता. त्या सकाळच्या कामाचं वर्णन मात्र या कसोटीवरही टिकतं, कारण तिथे शब्दांना फारसं काम नाही.

'अ‍ॅडम' नाउवेनने पुरं केलेलं नाही. 1996 च्या फेब्रुवारीत चौतिसाव्या वर्षी अ‍ॅडम गेला. तेव्हा नाउवेन सुट्टीच्या वर्षात होता आणि ख्रिस्ती विश्वासाच्या मूळ वचनांवर पुस्तक लिहायच्या विचारात होता. ते बाजूला ठेवून त्याने हे सुरू केलं, आणि सप्टेंबरात, रेम्ब्रांटच्या त्या चित्रावरच्या माहितीपटासाठी रशियाला जाताना वाटेत तोही गेला. डेब्रेकमधली त्याची सहकारी सू मॉस्टेलर हिने हस्तलिखित हातावेगळं केलं आणि पुढच्या वर्षी ते आलं.

त्याच्या वचनांची रोज एक अशी जी संकलनं निघाली आहेत ती खुशाल सोडा. तिथे 'आपण' सगळीकडे पसरलेलं आहे. 'अ‍ॅडम' झाल्यावर वडिलांना लिहिलेलं पत्र घ्या, मग जेनेसीची डायरी. आणि तेवढ्यावर मन भरलं नाही तर 2016 मध्ये निघालेला त्याच्या पत्रांचा संग्रह, 'लव्ह, हेन्री'. त्याला अनोळखी वाचकांची पत्रं येत आणि तो उत्तरं देत असे. त्यात लग्न मोडलेली माणसं आहेत, धर्मगुरूपण सोडावं का म्हणून विचारणारे आहेत, समलिंगी तरुणही आहेत. या शेवटच्यांना लिहिताना तो छापील पुस्तकांपेक्षा कितीतरी मोकळा आहे.